नाडीला सम सापडत नाही तेव्हा

काळाचौकीहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ७१ वर्षांचे, बेस्टमधून वाहक म्हणून निवृत्त झालेले. बारा वर्षं बीपीची गोळी चालू आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत ठोके अनियमित निघाले, निदान 'एट्रियल फिब्रिलेशन'. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपा चांगल्या, हृदयाची ताकदही चांगली. हृदयविकारतज्ज्ञांनी अपिक्साबॅन ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि ठोक्यांचा वेग आवरणारं मेटोप्रोलॉल लिहून दिलं. बाबा म्हणतात, "मी तीन मजले चढतो, डबलबारीच्या भजनाला रात्री दोनपर्यंत पखवाज वाजवतो. मला रक्त पातळ करायची गोळी कशाला?" शेजारच्या काकांनी अ‍ॅस्पिरिन सुचवली आहे, 'साधी गोळी, काही करत नाही' म्हणून. ताई स्वतः ३८ वर्षांच्या. त्यांनाही मधूनच ठोका चुकल्यासारखं होतं आणि हातातल्या स्मार्ट घड्याळाने ठोके अनियमित असल्याची एकदा सूचना दिली. हे तेच दुखणं का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी बाबांचं, कारण तिथे उशीर परवडणारा नाही. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी बरोबर आहे. ती सुरू करा. काकांची अ‍ॅस्पिरिन नको. 'काही करत नाही' हे त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. या आजारात ती उपयोगाचं फारसं काही करत नाही, रक्तस्राव मात्र करू शकते.

बाबा पखवाज वाजवतात, तेव्हा त्यांना समजावणं खरं तर सोपं आहे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. ठेका तो धरतो. स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला ६० ते १०० वेळा, म्हणजे दिवसाकाठी लाखभर. त्याचा इशारा आला की वरचे दोन कप्पे आकुंचन पावतात, क्षणभर थांबून खालचे दोन. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत एका इशाऱ्याऐवजी मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इशारे बेशिस्त फिरत राहतात. कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. हे सगळे इशारे खाली उतरले तर माणूस जागच्या जागी जाईल. पण वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एक गाठ आहे, एव्ही नोड. ती बसच्या दरवाज्यातल्या वाहकासारखी. स्टॉपवर कितीही रेटारेटी असो, आत घेणार तेवढेच. मात्र कोण कधी आत शिरेल याचा नेम नाही, म्हणून खालचे कप्पे कधी लागोपाठ तीन ठोके देतात, कधी थांबतात, कधी एकच हलका ठोका देतात.

माझ्याकडे एक तबलाशिक्षक यायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना त्यांचीच नाडी बघायला लावली. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची तीन बोटं. ते डोळे मिटून मिनिटभर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, यात सम कुठे आहे?" एट्रियल फिब्रिलेशनची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही. बाबांनाही हेच करू द्या. आठ मात्रांचा भजनी ठेका ज्यांच्या हातात मुरलाय त्यांना कळेल की इथे लय वाढलेली किंवा उतरलेली नाही. इथे लयच नाही. पूर्ण मिनिटभर मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा शॉर्टकट इथे फसवतो.

आता 'मला तर काही होत नाही' याबद्दल. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना काहीच जाणवत नाही. ना धडधड, ना दम. बाबांचं सापडलं ते डोळ्यांच्या कृपेने. पण या दुखण्याचा मोठा धोका हृदयाला नाही, मेंदूला आहे, आणि तो धडधड जाणवण्यावर अवलंबून नाही. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी लटकलेली असते. कप्पा नीट आकुंचन पावत होता तोवर तिच्यातलं रक्त खेळतं होतं. आता तो थरथरतो आणि त्या कोपऱ्यात रक्त साचतं, साचलं की गोठतं. झडपा चांगल्या असलेल्या रुग्णांत वरच्या डाव्या कप्प्यातल्या दहापैकी सुमारे नऊ गुठळ्या या पिशवीतच सापडतात. तिथून गुठळी सुटली की मोठ्या धमनीत येते, आणि त्या धमनीच्या पहिल्या मोठ्या फांद्यांपैकी काही थेट मेंदूकडे जातात. पक्षाघाताचा धोका साधारण पाच पट होतो तो असा. या गुठळ्या आकाराने मोठ्या, त्यामुळे मेंदूची मोठी नळी बंद होते. असा झटका आलेला माणूस बरेचदा पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू शकत नाही. तीन मजले चढता येणं चांगलंच आहे, पण त्याचा आणि त्या पिशवीचा काही संबंध नाही.

धोका किती हे आम्ही गुण देऊन ठरवतो. वय ६५ ते ७४ ला एक गुण, पंच्याहत्तरीनंतर दोन. बीपी एक, मधुमेह एक, हृदय कमकुवत असेल तर एक, आधी हार्ट अ‍ॅटॅक किंवा पायाच्या नळ्यांचा आजार असेल तर एक, आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. बाईमाणूस म्हणून एक गुण पूर्वी देत असू. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढला. बाबांचे वयाचा एक आणि बीपीचा एक असे दोन होतात. औषधाविना दोन गुणांवर वर्षाला शंभरातल्या साधारण दोघांना पक्षाघात होतो. आकडा लहान वाटतो, पण तो दरवर्षी नव्याने लागू होतो, आणि पंच्याहत्तरी आली की गुण आपोआप तीन होणार.

अ‍ॅस्पिरिनचा हिशेबही देतो, म्हणजे काकांशी वाद घालावा लागणार नाही. वॉरफरिन या जुन्या औषधाने असे पक्षाघात जवळपास दोन तृतीयांशाने कमी होतात, अ‍ॅस्पिरिनने जेमतेम एक पंचमांश. २०११ मध्ये, वॉरफरिन ज्यांना योग्य नव्हतं अशा ५,५९९ रुग्णांत अपिक्साबॅन आणि अ‍ॅस्पिरिन यांची थेट तुलना झाली. पक्षाघात आणि इतरत्र गेलेल्या गुठळ्यांचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनवर वर्षाला ३.७ टक्के, अपिक्साबॅनवर १.६ टक्के. आणि गंभीर रक्तस्राव? १.२ विरुद्ध १.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच. 'सौम्य' म्हणून जी गोळी घ्यायची ती सौम्य नाहीच, आणि कामाचीही नाही. अ‍ॅस्पिरिन हार्ट अ‍ॅटॅकच्या गुठळीवर चालते, कारण तिथे गुठळी मुख्यतः प्लेटलेट्सची असते. साचलेल्या रक्ताची गुठळी वेगळ्या रीतीने बनते. दोघांनाही 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणायची आपली सवय या गोंधळाच्या मुळाशी आहे. खरं तर रक्त कुणीच पातळ करत नाही. गोठायला वेळ लागतो, इतकंच.

रक्तस्रावाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. हिरड्यांतून रक्त येईल, दाढी करताना कापलं तर जास्त वेळ दाबून धरावं लागेल, दंडावर कुठे लागलं हे न आठवता निळा डाग दिसेल. हे डॉक्टरांना सांगायचं, पण गोळी बंद करायची नाही. डांबरासारखी काळी शौच, लघवीतून रक्त, किंवा डोक्याला मार लागणं, मग भले खोक पडलेली नसो, यात मात्र त्याच दिवशी रुग्णालय. 'बाबा पडले तर?' हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा तरी विचारतात. १९९९ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी वॉरफरिनचा हिशेब मांडून दाखवला होता की पडण्यामुळे मेंदूत होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका औषधाच्या फायद्यापेक्षा वरचढ ठरायचा तर माणसाला वर्षात सुमारे २९५ वेळा पडावं लागेल. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या बाबतीत अपिक्साबॅन वॉरफरिनपेक्षाही सुरक्षित आहे. चाळीच्या जिन्यात दिवा लावून घ्या, न्हाणीघरात पकडायला दांडी बसवा. पडण्यावरचा इलाज तो आहे, गोळी थांबवणं हा नाही.

माझ्या हातून निसटलेला एक माणूस सांगतो. चौसष्ट वर्षांचे गृहस्थ, परळच्या बाजूला राहायचे, गोळी अगदी वेळेवर घेणारे. दाढ काढायची होती. 'रक्त पातळ करायची गोळी आठ दिवस बंद करा' असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी बंद केली, मला विचारलं नाही. दाढ निघाली, दुखत होतं म्हणून आणखी चार दिवस सुरू केली नाही. बाराव्या दिवशी सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला. बायकोला वाटलं झोप झाली नसेल. दुपारी बोलणं बंद झालं तेव्हा आणलं. दाताच्या डॉक्टरला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. पण 'कुणीही सांगितलं तरी मला विचारल्याशिवाय ही गोळी थांबवायची नाही' हे वाक्य मी त्यांच्या कागदावर लिहिलं नव्हतं. आता प्रत्येकाच्या लिहितो, लाल पेनने. अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांचा असर अर्ध्या-एक दिवसात ओसरतो. वॉरफरिनसारखा दोन-चार दिवस पुरत नाही. साधी एक दाढ काढायला बहुतेक वेळा एखादा डोस पुढे ढकलणं पुरतं, कधी तेही लागत नाही.

डोसबद्दल एक गोष्ट, कारण आपल्याकडे इथे चुका होतात आणि त्या आम्ही डॉक्टरच करतो. वय झालंय, प्रकृती किरकोळ आहे म्हणून '२.५ दे, सांभाळून' अशी अर्ध्या डोसची सवय लागलेली असते. अपिक्साबॅनचा डोस अर्धा करायचा तो तीनपैकी दोन गोष्टी लागू असतील तर: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त. मूत्रपिंड फारच खालावलं असेल तर हिशेब वेगळा. नुसतं वजन ५६ आहे म्हणून अर्धा डोस दिला तर रक्तस्राव फारसा कमी होत नाही, संरक्षण मात्र जातं. बाबांचं क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन आता करून घ्या आणि पुढे वर्षातून निदान एकदा.

वेळ पाळायला सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण या दोन खुणा बांधून घ्या. डोस चुकला आणि सहा तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्यायचा, नाहीतर सोडून पुढचा वेळेवर. दोन एकदम कधीही नाहीत. अपिक्साबॅन उपाशीपोटी चालते, त्यामुळे बाबांची एकादशी आड येत नाही. पुढेमागे कुणी दिवसातून एकदा घ्यायची रिव्हारोक्साबॅन लिहून दिली तर ती भरल्या पोटी घ्यावी लागते, नाहीतर अंगात पुरती शोषली जात नाही. माझे वारकरी रुग्ण विचारतात, उपासाला काय? साबुदाण्याची खिचडी हे जेवणच आहे, नुसतं एक पेला दूध म्हणजे जेवण नाही. आणि गुडघा दुखला म्हणून केमिस्टकडून दुखण्याची गोळी मागून घ्यायची नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या या औषधासोबत पोटात रक्तस्राव घडवतात. पॅरासिटामॉल चालेल. लसूण भाजीत हवा तेवढा घाला, पण गोळीच्या जागी नाही.

एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण हे दुसरं कुणी वाचून स्वतःला लावून घेईल. लहानपणी घसा, मग सांधे, मग झडप, असा संधिवाताच्या तापाचा इतिहास आपल्याकडे अजून आहे. परळ, शीवच्या वॉर्डांत तिशीतल्या बायका या आजाराने आलेल्या मी विद्यार्थी असल्यापासून बघतोय. त्यात मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, अरुंद झाली असेल आणि ठोके अनियमित असतील तर पक्षाघाताचा धोका कितीतरी पट जास्त असतो, आणि तिथे नव्या गोळ्या चालत नाहीत. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांत रिव्हारोक्साबॅनवर मृत्यू जास्त झाले. त्यांना जुनीच, वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम, दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासून, तो दोन ते तीनमध्ये ठेवून. पालक-मेथीचं पथ्यही त्यांचंच, तेही 'बंद' नाही, रोज साधारण सारख्या प्रमाणात. कृत्रिम धातूची झडप असलेल्यांनाही जुनीच गोळी, आयएनआर मात्र बरेचदा याहून वरचा. म्हणून आधी इको, मग गोळी. बाबांच्या झडपा चांगल्या आहेत, त्यांना पालक हवा तेवढा.

मेटोप्रोलॉलचं काम निराळं. ते ठेका परत आणत नाही, वेग आवरतं. हृदय महिनोन्‌महिने मिनिटाला १३०-१४० ने पळत राहिलं तर थकून फुगतं. बसल्या जागी ११० च्या खाली वेग राहिला तर सहसा पुरतं. ठेका परत आणण्याचे उपाय आहेत, गोळ्या, शॉक, किंवा नळी घालून करायची अ‍ॅब्लेशन. बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं की बेशिस्त इशारे बहुतेक वेळा फुप्फुसातून येणाऱ्या नसांच्या तोंडाशी जन्मतात. अ‍ॅब्लेशनमध्ये त्या जागांभोवती कुंपण घालतात. निदान होऊन वर्ष झालं नसेल तर लयीचा विचार लवकर केलेला बरा, असं २०२० पासून आम्ही जास्त आग्रहाने म्हणतो. तेव्हा पुढच्या भेटीत हा प्रश्न जरूर विचारा. पण ठेका परतला तरी गुठळीवरची गोळी वर सांगितलेल्या गुणांवर ठरते, ईसीजी सरळ दिसण्यावर नाही. सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, बघा. बाबा जोरात घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी. दारू असेल तर ती आवरा. घरी बीपी मोजाल तेव्हा तीनदा मोजून सरासरी धरा, कारण ठोके अनियमित असले की प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो. मशीन बिघडलेलं नसतं.

आता तुमचं, ताई. तुम्ही लिहिलंय, 'ठोका चुकतो, पोटात गोळा येतो, मग धाडकन एक मोठा ठोका.' हे वर्णन बहुधा एक्टॉपिक ठोक्यांचं आहे. एक ठोका वेळेआधी पडतो. हृदय भरलेलं नसल्याने तो जाणवत नाही. मग जरा जास्त विश्रांती, तेवढ्यात हृदय जास्त भरतं, आणि पुढचा ठोका धाडकन लागतो. चुकलेला वाटतो तो खरं तर लवकर येऊन गेलेला असतो. निरोगी माणसांत हे इतकं सर्रास आहे की चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं यंत्र, लावलं तर बहुतेकांच्या कागदावर दोन-चार सापडतातच. जागरण, जास्त चहा, रक्त कमी असणं, थायरॉइड, परीक्षेच्या दिवसांत मुलांपेक्षा आईला असलेला ताण, हे सगळं त्याला खतपाणी. ईसीजी, हिमोग्लोबिन, टीएसएच, पोटॅशियम आणि एक इको करून घ्या. इको चांगला असेल आणि होल्टरमध्ये एक्टॉपिक एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या बरेच खाली असतील तर शांत झोपा.

शांत बसायचं नाही ते अशा वेळी: चालताना किंवा जिना चढताना शुद्ध हरपली, धडधडीसोबत छातीत दुखलं, किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत झोपेत, पोहताना, पळताना अचानक गेलं असेल. खालच्या कप्प्यांतून निघणाऱ्या जीवघेण्या ठेक्यांची ही पावलं असतात. आणखी एक प्रकार बायकांत पुष्कळ दिसतो. बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते, मिनिटाला १८० वगैरे, पण अगदी नियमित, आणि तशीच बटण बंद केल्यासारखी थांबते. याला वर्षानुवर्षं 'टेन्शन' म्हणून गोळ्या दिल्या जातात याचा मला राग आहे. ती जादा वायरिंगची गोष्ट असते, अ‍ॅब्लेशनने बहुतेक वेळा कायमची जाते. धडधड चालू असताना काढलेला ईसीजी हा पुरावा, म्हणून सुरू झाल्याबरोबर जवळच्या दवाखान्यात जाऊन पट्टी काढून घ्यायची आणि जपून ठेवायची.

घड्याळाबद्दल: साधी सूचना येते ती त्वचेखालच्या रक्ताच्या लाटेवरून, ईसीजीवरून नव्हे. २०१९ चा अ‍ॅपलच्या घड्याळाचा अभ्यास चार लाखांवर लोकांचा होता. सूचना आली ती दोनशेत साधारण एकाला, आणि नंतर ईसीजीची पट्टी चिकटवून पाहिलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशात एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. तुमच्या वयात एक्टॉपिकनेही ते फसतं. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर धडधडीच्या वेळी बोट टेकवून तीस सेकंदांची पट्टी काढा आणि मला स्क्रीनवरचा शब्द सांगू नका, पट्टी दाखवा.

घरात सगळ्यांना एवढं माहीत असू द्या. बाबांचं तोंड एका बाजूला ओढलं, हात किंवा पाय गळाला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघून वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा किंवा टॅक्सीत घाला. जवळच्या दवाखान्यात सलाइन लावत बसायचं नाही. जिथे सीटी स्कॅन रात्रीही होतो आणि मेंदूविकारतज्ज्ञ आहेत असं रुग्णालय कुठलं, हे आजच चौकशी करून ठरवून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि लालबागच्या रस्त्यावर गणपतीच्या दिवसांत त्यातला किती वेळ जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. अपिक्साबॅनचा शेवटचा डोस किती वाजता घेतला हे डॉक्टरांना लगेच सांगा. त्यावरून इंजेक्शन की नळी घालून गुठळी ओढून काढायची, हे ठरतं. घरी अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही.

राहता राहिला मोतीबिंदू. तो रद्द करू नका. डोळ्यात थेंब टाकून भूल देतात त्या ऑपरेशनला ही गोळी बहुतेक वेळा चालू ठेवतात. डोळ्याजवळ सुई टोचून भूल द्यायची असेल तर नेत्रतज्ज्ञांनी आणि तुमच्या हृदयविकारतज्ज्ञांनी एकदा फोनवर बोलून घ्यावं. गोळीचं नाव, डोस आणि वेळा एका कागदावर लिहून तारीख घ्यायला जाल तेव्हाच द्या, ऑपरेशनच्या सकाळी नाही. पखवाज किती दिवस बंद हे नेत्रतज्ज्ञच सांगतील. माझ्याकडून त्यावर काही बंधन नाही, फक्त रात्री दोनला घरी आल्यावर नऊची राहिलेली गोळी आठवायची अशी वेळ येऊ देऊ नका. पखवाजाच्या खोळीत गोळ्यांची एक पट्टी ठेवलेली असू दे.